तो हत्तीरोग नव्हता, आत्या

आत्या,

तुला न्यायच्या आधी कुणीतरी तुझा उजवा हात चादरीखाली ढकलला. मी समोरच उभी होते, तरी कोणी ढकलला ते दिसलं नाही. बायांची गर्दी, सगळ्या वाकलेल्या. एवढा मोठा हात काही आपोआप आत जात नाही. मी एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. एकीनेही नजरेला नजर दिली नाही. बुद्धवंदना सुरू झाली, सगळ्यांचे हात जुळले, आणि मी हात जोडून उभी राहून यातले कोणते हात आत्ता चादरीखालून बाहेर आले याचा हिशोब करत होते.

मागून कोणी म्हणालं, "हत्तीरोगानं गेली बिचारी."

दुसरी म्हणाली, "हत्तीरोगानं मानूस मरते का वं?"

"हातात होता ना तिच्या. हातातून छातीत उतरते."

मी ओठ चावला. तुला शब्द दिला होता.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात वाटायला एक पान छापायचं ठरलं आहे. बिडी कामगारांच्या संघटनेतले भाऊ म्हणाले, तूच लिही, तुझी लेखणी चालते. सोबत सूचनाही दिली: जन्म, बालपण, कष्ट, स्वभाव, मागे परिवार. तुझा जन्म कधीचा हे तुलाही माहीत नव्हतं. "धानाच्या कापनीत झाली म्हणे," एवढंच तू सांगायचीस. स्वभावाबद्दल लिहायचं तर तू हट्टी होतीस, थट्टेखोर होतीस, आणि खोटारडी होतीस. हे तिसरं मला तू गेल्यावर कळलं. म्हणून ते सूचनेचं पान मी बाजूला ठेवलं आहे आणि तुझ्याशीच बोलते आहे.

तू गाठ दाखवलीस त्या दिवशी मी छाटीविरुद्धचं पत्रक लिहीत होते. छाट म्हणजे काय हे तुमसरच्या राईस मिलमागच्या आपल्या वस्तीत कोणाला सांगायला नको. सट्टेदार, म्हणजे बिड्यांचा ठेकेदार, बिड्यांची जुडी हातात घेणार, नाक मुरडणार आणि मूठभर बिड्या खराब म्हणून बाजूला काढणार. त्यांची मजुरी नाही, आणि बिड्या मात्र त्याच्याच. तू सूप मांडीवर घेऊन पानं कापत होतीस. मी मोठ्याने वाचत होते, "बायांनो, या लुटीचा जाब विचारा!" तू म्हणालीस, "सुली, जाब मंग विचार. पयले हे पाह्य." आणि माझा हात धरून पोलक्यात घातलास. उजव्या बाजूला, सुपारीएवढी. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणून तू ती किती दिवस सांभाळली होतीस ते तू कधीच सांगितलं नाहीस.

नागपूरला नेलं. जाताना तुमसर रोडच्या फलाटावर तू माझ्याकडून वचन घेतलंस. गावात आतड्याचं ऑपरेशन म्हणून सांगायचं.

"काहून?" मी विचारलं. "चोरी केली का आपण?"

"छातीचं म्हणलं का लोकं डोरे तिथंच लावते. आतडं कोनाले पाह्याचं हाय?" मग हसणं थांबवून म्हणालीस, "माही मंदा हाय वं घरात. मायच्या दुधातून पोरीले येते म्हनतीन. पोरीले कोन करून नेईल मंग?"

तुझे मालक, आमचे मामाजी, गेले तेव्हा मंदा पाळण्यात होती. तिच्या लग्नाशिवाय तुला दुसरं काही मागायचं नव्हतं. मी शब्द दिला. मला तो पटला नव्हता, आजही पटत नाही. पण दिला.

ऑपरेशननंतर तुझ्या कुशीतून एक नळी निघून बाटलीत गेली होती. लालसर पाणी थेंब थेंब साठायचं. वॉर्डातल्या बाकीच्या बाया त्या बाटलीकडे पाहायच्याही नाहीत. तू मात्र तिला बोडी म्हणायचीस. आपल्याकडे गावाच्या कडेला असते तशी लहानशी तळी. "सुली, सिस्टरले सांग, माही बोडी भरली. सांडव्यावरून पानी जाऊन राहिलं." शेजारच्या खाटेवरची रडवेली बाई ते ऐकून हसली आणि तिने टाक्यांवर हात दाबून धरला. तुला ते आवडलं. मग तू रोज तिच्यासाठी बोडीची बातमी द्यायला लागलीस.

नळी निघाली, टाके निघाले, घरी आलो. आणि काखेखाली पाणी भरलं. वर कातडी ताणलेली, बोट लावलं की आत थुलथुल हलायचं. माझ्या डोक्यात दुसरं काही येईना. आत कापूस राहिला. किंवा शिकाऊ पोरांनी हात बसवून घेतला. गरीब बाई, वरून आमच्यासारख्या वस्तीतली, विचारणार कोण? मी तुला घेऊन परत गेले आणि डॉक्टरला तोंडावर विचारलं, "आत काही राहिलं का?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण कोण?"

"भाची."

"शिकलेल्या आहात?"

"आहे."

"मग असं काय विचारता?"

आत्या, शिकलेल्या बाईने विचारू नये, असं कोणत्या शाळेत शिकवतात? त्यांनी जाड सुई घालून पाणी काढलं, आणि जाता जाता म्हणाले, "होतं असं." सट्टेदारही छाट काढताना हेच म्हणतो. होतं असं. ज्याच्याकडे आपलं काम अडलेलं आहे त्याने हे वाक्य म्हटलं की माझं टाळकं फिरतं.

बाहेर व्हरांड्यात सिस्टरने मला थांबवलं. तिचं मराठी तोडकंमोडकं होतं, पण ती थांबून बोलली. आतून मांस काढलं, तिथे पोकळ जागा राहिली, पोकळीत पाणी गोळा होतं. एक-दोनदा काढावं लागेल, मग कातडी चिकटेल, पाणी सुकेल. मी तिच्यावरही विश्वास ठेवला नाही. म्हटलं, ही तर त्यांचीच. पण पाणी काढून काढून शेवटी सुकलं. खरं सांगू? मला थोडा रागच आला. माझं पत्रक डोक्यात तयार होतं. "गरिबांच्या शरीरावर प्रयोग बंद करा!" तू म्हणालीस, "तुह्या पत्रकासाठी परत भरू का पानी?"

हात सुजला तो पुढच्या रोवणीनंतर. रोवण्याला तू गेलीस ते मला न सांगता. चिखलात वाकून दिवसभर धानाची रोपं लावलीस आणि आल्यावर म्हणालीस, हात जड वाटते. आधी बोटांवर सूज आली, मग पंजावर, मग मनगटाची कोरच दिसेना. पोलक्याची बाही चढेना, ती उसवून तू कापडाचा त्रिकोणी तुकडा लावलास. तेव्हा तू उजवा हात पुढे करून म्हणालीस, "पाह्य, इच्चू पोटुशी झाला."

तुझ्या हातावर विंचू गोंदलेला होता. दीक्षेच्या पुष्कळ आधीचा, तू पोर असतानाचा. त्यावरून आपलं किती वाजलं होतं! मी म्हणायचे, ही जुन्या अज्ञानाची खूण आहे. तू म्हणायचीस, "देव सोडले, उपास सोडले. आता इच्चूले कुठं सोडू? माह्या मायनं मांडीवर डोकं धरून गोंदवला." मी आणखी भाषण दिलं की तू बाही खाली ओढून पानं कापायला घ्यायचीस. ते भांडण तसंच राहिलं. पण सूज आल्यापासून विंचू आपल्या कामाला आला. सूज उतरली की त्याची नांगी आखडायची, सूज चढली की तो पसरायचा, निळा रंग फिका पडायचा. आमच्याकडे दुसरं माप नव्हतं. मी शाळेतून, मोर्च्यातून, कुठूनही आले की पहिलं विचारायचे, "विंचू कसा आहे?" आणि तू, "उपाशी हाय," नाहीतर, "आज दाबून जेवला."

नागपूरला त्याच सिस्टरने सांगितलं. छातीच्या गाठीबरोबर काखेतल्या गाठीही काढल्या. हातातलं पाणी वर जायचं ते त्याच वाटेने. वाट गेली, आता पाणी हातातच थांबतं. मी विचारलं, "हे आधी का नाही सांगितलं? रोवण्याला जाऊ नको, जड उचलू नको, हे घरी जाताना कोणी सांगायचं?" ती गप्प बसली. तिच्या त्या गप्प बसण्यावर मात्र माझा विश्वास बसला.

तू तिला मराठीतून मराठी करून सांगितलंस. "धुऱ्याची वाट बुजवली, आता बांधीत पानी तुंबून राहिलं. असंच ना बाई?" सिस्टरला धुरा म्हणजे बांध आणि बांधी म्हणजे धानाचं वाफ्यासारखं शेत हे समजलं नाही, पण तिने मान डोलावली. मग तिने पट्टी बांधायला शिकवलं. बोटांपासून सुरुवात, खाली घट्ट, वर वर सैल. झोपताना हात उशीवर उंच. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. कापू द्यायचं नाही, भाजू द्यायचं नाही, काटा लागू द्यायचा नाही. त्या हाताला सुई नाही.

तू सगळं केलंस, आत्या. तुला हट्टी म्हणते ते यासाठीही. कैची डाव्या हातात घेतलीस. आधी पानं वेडीवाकडी कापायचीस आणि स्वतःच्याच बिड्यांची छाट काढून हसायचीस. चुलीमागच्या भिंतीवर तुझ्या बोटांचे तंबाखूचे डाग होते, ते एकेका बोटाने वर चढत गेले. शेवटी आढ्याजवळच्या फळीला लागले. त्या दिवशी तू फळीवरचा गुळाचा डबा उजव्या हाताने काढलास, मला गूळ दिलास आणि म्हणालीस, "घे, मोर्चा पोचला."

पट्ट्या मात्र घरात वाळायच्या. बाहेर दोरीवर घालू द्यायची नाहीस. दिसल्या तर लोक विचारतील. ओल्या पट्ट्यांचा वास त्या घरात कायम असायचा, तंबाखूच्या वासाखाली.

आणि मग अचानक सगळ्या वस्तीला माहीत झालं की तुला हत्तीरोग आहे.

बाहेरच्या माणसाला यात नवल वाटेल. आपल्याला नाही. आपल्याकडे गल्लीगल्लीत एखादा पाय असतोच, मोठा, खरखरीत, धोतराखालून दिसणारा. लोक वाट सोडतात, पण तोंड फिरवत नाहीत. डासांचा रोग, सरकारचा माणूस येतो, गोळ्या देतो, रात्री बोटातून रक्त घेऊन जातो. तेव्हा सुजलेला हात दिसला की आपल्या माणसाच्या तोंडी पहिलं तेच नाव येणार. तुझा हात मधूनच पेटायचा, लाल व्हायचा, थंडी-ताप भरायचा, तालुक्याला नेऊन इंजेक्शन द्यावं लागायचं. लोक म्हणायचे, पाहा, हत्तीरोगाचंच लक्षण. रोगसुद्धा अफवेला साक्ष देत होता.

पण अफवेला तोंड असतं. मी ते शोधायला निघाले.

पहिला संशय सट्टेदारावर. तू संघटनेत आलेली, छाटीच्या वेळी त्याच्या पुढ्यात सूप आपटणारी. रोगी म्हणून तुझं बिडीकार्ड काढून घेणं त्याला सोयीचंच होतं. मी त्याच्या ओट्यावर जाऊन बोलले. तो म्हणाला, "माह्याकडे हत्तीपायाचे चार कारागीर हाय, बाई. हातानं बिडी होते, पायानं नाही. अन् तिचा हात चालून राहिला ना?" मला वाटलं, बनेल माणूस. पण कार्ड त्याने काढलं नाही.

मग कौसाबाई. तुझ्या भिंतीला भिंत लागून राहणारी, आणि वस्तीतल्या कोणत्याही चुलीवर काय शिजतं हे आपल्या घरातून सांगणारी. नळावर गाठलं तिला.

"कौसाबाई, आत्याला हत्तीरोग आहे हे तुम्ही सांगितलं लोकांना?"

"मी काहून सांगू? लोकायले डोरे नाही का?"

"खोटं आहे ते."

"मंग खरं काय हाय? तू सांग." ती घागर कमरेवर घेऊन उभी राहिली. "सांग ना! माह्या तोंडाले तू कुलूप लावतं, अन् तुह्या तोंडात काय हाय ते त दाखव."

बाकीच्या बाया थांबल्या. मला सांगता येत नव्हतं. पत्रकबाज सुली नळावर मुकी झाली, याची गंमत वस्तीने पुढे पुष्कळ दिवस चघळली. मी कौसाबाईचं नाव मनात पक्कं लिहून ठेवलं.

घरी येऊन तुला सांगितलं तर तू पान कापता कापता म्हणालीस, "जाऊ दे ना वं. हत्तीरोग म्हणते त म्हणू दे. हत्ती काही वाईट जनावर नाही."

तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आणखी एकदा आली असती, हत्तीरोगवाला रक्त घेऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी. तू सांगत होतीस की त्याने बोट मागितलं, तर तू उजवा हात पदराखाली घेऊन डावा पुढे केलास. त्याला म्हणालीस, "रक्त त सारखंच असन ना, बापू?" त्याच्या गोळ्याही घेतल्यास. त्या गोळ्यांनी तुला मळमळायचं, डोकं गरगरायचं, पण त्याच्यासमोर पाणी पिऊन गिळायचीस. मी ओरडले, "कशाला घेतेस? तुला तो रोग नाही!" तू म्हणालीस, "असला त बरा होईन. नसला त होनार नाही." मी ते तुझं भाबडेपण समजले. माझा संशय सगळ्या जगावर होता आणि तुझ्यावर नव्हता.

आपलं खरं भांडण झालं ते पत्रकावरून. मी लिहून आणलं होतं. नाव नव्हतं तुझं, गाव नव्हतं. फक्त एवढंच, की बायांनो, अशी गाठ लागली तर दुखत नाही म्हणून थांबू नका. ऑपरेशननंतर पाणी भरलं तर घाबरू नका, पण दवाखान्यात जा. हात सुजला तर तो हत्तीरोगच असेल असं नाही. पट्टी कशी बांधायची, काय उचलायचं नाही. तू मला पूर्ण वाचू दिलंस. मग कागद हातातून घेतलास आणि चुलीत घातलास.

"तुही पत्रकं चुलीले मस्त लागते," म्हणालीस. "फुकनी लागत नाही."

"तुझ्यासारखी दुसरी बाई असेल, तिला कोण सांगणार?"

"मंदाचं होऊ दे."

मंदाचं झालं. वरठीचं स्थळ, जावई रेल्वेत गँगमन, चांगला मुलगा. लग्नात तू लांब बाहीचं पोलकं घालून उजवा हात पाठीमागे ठेवून उभी होतीस आणि पाहुण्यांना डाव्या हाताने वाढत होतीस. विहीणबाईंनी विचारलं तर तोंडभर हसून म्हणालीस, "हत्तीरोग हाय जी. आमच्या भागात असतेच." विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या दिराले बी हाय." संपलं. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, आता? तू म्हणालीस, "तिचं पाऊल भारी होऊ दे." ते झालं. मग, "बारंतीन होऊ दे." मला कळून चुकलं की तुझं होऊ दे कधीच होणार नाही.

मंदा बाळंत झाली आणि तुला खोकला लागला. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरून पाहिला आणि या वेळी होतं असं म्हटलं नाही. घरी न्या, एवढंच म्हणाले. शेवटच्या आठवड्यात हात दगडासारखा झाला होता. विंचवाची फक्त नांगी ओळखू यायची. मी पट्टी सोडून पंजाला तेल लावत होते. तू म्हणालीस, "सुली, तू लय खरं बोलतं." मी वाट पाहिली, पुढे काही म्हणशील म्हणून. तू डोळे मिटून घेतलेस. मला वाटलं, शाबासकी आहे. मी ती घेऊनही टाकली.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी कौसाबाई आली. भाकरी घेऊन आली होती, सुतकाच्या घरी आणतात तशी. बसली, उठली नाही. मी तिच्याशी बोलत नव्हते.

"पोरी, तू माह्यावर लय दिवस राग धरला."

"धरला."

"धर. पन हत्तीरोगाचं मले तिनंच सांगाले लावलं होतं. हात सुजला त्याच वर्सी. मले म्हणे, कौसे, तुह्या तोंडून गेलं का सारं तुमसर मानते. म्हणे, माह्या मंदासाठी एवढं कर. गळ्याची आन घातली मले."

"म्हणजे तुम्हाला छातीचं माहीत होतं?"

"भीतीले भीत हाय वं माही. ओल्या पट्ट्यायचा वास येत नाही का मले?"

आत्या, मी हसले की रडले ते आठवत नाही. मग हात कोणी झाकला तेही कौसाबाईनेच सांगितलं. तिनेच. तेही तू सांगून ठेवलं होतंस.

मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलं? या खोटेपणात मलाही घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? कौसाबाई म्हणाली, "तुलेच त भेत होती ती. म्हणे, सुलीच्या पोटात खरं टिकत नाही. एक दिवस छापून टाकीन."

म्हणजे लय खरं बोलतं, ही शाबासकी नव्हती.

दोन दिवस मी तुझ्यावर चिडून होते. मेलेल्या माणसावर चिडणं फार वाईट, उत्तर येत नाही. ठरवलं, ठीक आहे. तुला नको होतं ना, नाही सांगत. तुझा हत्तीरोग तुला लखलाभ. हे पान कोरं जाईल.

मग मंदा पुन्हा आली, वरठीहून, कार्यक्रमासाठी, या वेळी बाळ घेऊन. आल्या आल्या तिने पिशवीतून मच्छरदाणी काढली आणि बाळाच्या खाटेला बांधायला घेतली. दिवसाढवळ्या.

"ऊन आहे गं बाहेर," मी म्हटलं. "आता कुठे डास?"

"नाही ताई, सवयच केली. मायले हत्तीरोग होता ना, म्हणून मी लय सांभाळतो. गोळ्या बी घेतो सरकारी. सासूबाई म्हणते, रक्तात असते." बाळाला पदराखाली घेतलं, आणि पाजता पाजता सहज बोलल्यासारखं म्हणाली, "या बाजूले थोडं कडक लागते. दुधाचं असन. दुखत त नाही."

दुखत नाही.

पोरगी डासांशी लढत होती, आत्या. तुझी पोरगी, मच्छरदाणी लावून. चोर ज्या दारातून येऊ शकतो त्या दाराकडे पाठ करून बसली होती, आणि तिला तिथे तू बसवलं होतंस, मायेने, तिचं भलं व्हावं म्हणून.

मी दार लावलं आणि सांगितलं. गाठ, ऑपरेशन, बोडी, काखेतलं पाणी, विंचू, कौसाबाई, सगळं. मंदा बाळाला थोपटत ऐकत राहिली. शेवटी विचारलं, "मायनं मलाच नाही सांगतलं?" मी म्हटलं, "मलाही अर्धंच सांगितलं." मग तिने बाळ माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, "मंग पाह्य. मायनं तुह्याच हातानं पाह्यलं होतं ना."

खिडकी उघडली, उजेडात पाहिलं. मी डॉक्टर नाही. आता कोणत्याही गाठीला दुधाची म्हणायला माझा जीव धजत नाही. काल तिला घेऊन नागपूरला गेले. जावई रजा टाकून आला होता, बाळ त्याच्या खांद्यावर. तीच सिस्टर भेटली, केस पिकले आहेत तिचे. तुझ्याबद्दल विचारलं. मी सांगितल्यावर तिने मंदाच्या डोक्यावर हात ठेवला. तपासलं, या वेळी डॉक्टरबाई होत्या, त्यांनी पाहिलं, म्हणाल्या दुधाचीच गाठ दिसते, शेकून जाईल, तरी महिनाभराने दाखवा. मी विचारलं, कशावरून? बाई जरा तरुण होत्या. त्यांनी बसवून घेतलं आणि कशावरून ते सांगितलं. महिनाभराने आम्ही जाणारच आहोत. विश्वास ठेवून गप्प बसणाऱ्यांतली मी नाही.

येताना गाडीत मंदा म्हणाली, "छाप तू."

"तुझ्या सासरचे?"

"त्यायले मी सांगतो." खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "मच्छरदानी मात्र राहू देतो, ताई. मच्छर त आहेतच."

म्हणून हे पान असं आहे. जन्म नाही, परिवार नाही. कार्यक्रमाला येणाऱ्या बायांच्या हातात हे पडेल, कौसाबाईच्याही. तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवणार आहे. भाऊ म्हणतील, हे स्मृतीचं पान आहे की पत्रक? म्हणू देत. बायांनो, गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका. हात सुजला तर आधी विचारा, तुमच्या काखेतून काय काढलं. उत्तर मिळेपर्यंत दवाखान्याची पायरी सोडू नका.

आत्या, मी सट्टेदारावर संशय घेतला, डॉक्टरवर घेतला, नळावरच्या बाईवर घेतला, तुला शेवटचा नमस्कार करणाऱ्या हातांवर घेतला. बहुतेक चुकीचेच निघाले. तू आयुष्यात एकाच माणसावर संशय घेतलास, की ही शब्द मोडेल, छापून टाकेल. तो मात्र खरा निघाला.

छापखान्यातून आणल्यावर पहिली प्रत तुझ्या चुलीत घालते. बाकीच्या वाटणार आहे.

तुझी,
सुली